निम्म्या किमतीतला गेम कोड: धोका नेमका कुणाच्या खात्यात?

प्रश्न थोडक्यात असा: स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात पूर्ण किमतीला असलेल्या एका नव्या गेमचा कोड दुसऱ्या एका साइटवर जवळजवळ निम्म्या किमतीत दिसतोय. तो चोरीचा असतो का? उद्या गेम लायब्ररीतून गायब होईल का? गेम बनवणाऱ्यांना त्यातलं काही मिळतं का? आणि या सगळ्यानंतर तो घ्यावा की नाही?

मी छोट्या स्टुडिओंचे गेम प्रकाशित करण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. कोड काढणं, वाटणं, त्यांचा हिशेब ठेवणं आणि ‘माझा कोड चालत नाही’ या तक्रारींना उत्तरं देणं हे माझं रोजचं काम. म्हणजे या वादात मी तटस्थ नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

गेम गायब होईल का, याचं उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत सोपं आहे: बहुधा नाही होणार. ‘कोड टाकला, गेम डाउनलोड केला, खेळून संपवला, काहीच झालं नाही’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. पण काहीच का झालं नाही, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

स्टीमचा कोड म्हणजे पंधरा अक्षर-अंकांची एक ओळ, जी स्टीमवर टाकली की गेम तुमच्या खात्यात जमा होतो. स्टीमच्या दुकानात गेम विकला गेला तर स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी साधारण ३० टक्के वाटा ठेवते. कोड मात्र ती डेव्हलपरला फुकट काढून देते आणि ते बाहेर विकले तरी त्यातलं काही मागत नाही. हे कोड आम्ही अधिकृत दुकानांना देतो, बंडलमध्ये, म्हणजे स्वस्तात एकत्र विकल्या जाणाऱ्या गेमच्या संचात, घालतो, पत्रकारांना आणि यूट्यूबवाल्यांना पाठवतो, स्पर्धांमध्ये वाटतो. एकदा बाहेर पडलेल्या कोडवर ना कुणाचं नाव असतं, ना किंमत. पूर्ण पैसे मोजून घेतलेला कोड आणि चोरलेल्या कार्डावर घेतलेला कोड दिसायलाही सारखे आणि चालायलाही सारखेच.

म्हणून ‘स्वस्त म्हणजे चोरीचा’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. स्वस्ताईला साधी कारणंही असतात. कुणी सेलमध्ये ढीगभर कोड घेऊन ठेवतो आणि सेल संपल्यावर थोड्या नफ्याने काढतो. कुणी आठ गेमचं बंडल दोन गेमसाठी घेतो आणि उरलेले सहा विकून टाकतो. असे संच विकणारं हंबल बंडल २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा ‘मनाला येईल तेवढे द्या’ असा मामला होता. लोक एकेक सेंट देऊन बंडलं उचलायला लागल्यावर स्टीमचे कोड हवे असतील तर किमान एक डॉलर द्यावा लागेल, असा नियम आला. बंडलमधला कोड विकायला बहुतेक ठिकाणी अटींनुसार मनाईच असते. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर असा एखादा कोड विकणाऱ्यावर मला फारसा राग येत नाही. बंडलचे पैसे, थोडे का होईना, आम्ही समजून-उमजून घेतलेले असतात. आणि तोच कोड मित्राला दिलात तर उलट आनंदच आहे.

देशादेशांतल्या किमतींच्या फरकावर चालणारा व्यापार याच्या एक पायरी पुढचा. जिथे लोकांचं उत्पन्न कमी तिथे प्रकाशक गेमची किंमत कमी ठेवतो. व्यापारी तिथून उचलतो आणि महाग देशातल्या गिऱ्हाइकाला विकतो. यात चोरी नाही, पण झळ बसते ती भलत्यालाच. स्वस्त प्रदेशातून माल बाहेर गळतोय असं दिसलं की प्रकाशक तिथली किंमत वाढवतो, नाहीतर कोड त्या प्रदेशापुरते कुलूपबंद करतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातल्या किमती स्थानिक चलनातून काढून डॉलरमध्ये नेल्या. व्हॉल्व्हने कारण दिलं ते चलनाच्या चढउताराचं. पण या दोन देशांतले स्वस्त गेम व्हीपीएन लावून (म्हणजे आपण त्याच देशात असल्याचं भासवून) जगभर घेतले जात होते, हेही या धंद्यात सर्वांना ठाऊक होतं.

आता खऱ्या अर्थाने काळा भाग.

गेम बाजारात यायचा असतो तेव्हा आमच्या इनबॉक्समध्ये कोड मागणाऱ्या मेलचा पूर येतो. ‘माझ्या चॅनेलला लाखो सबस्क्रायबर आहेत, रिव्ह्यू करायचा आहे, माझ्यासाठी एक आणि प्रेक्षकांना भेट द्यायला तीन कोड पाठवा.’ चॅनेल खरं असतं, पण मेल पाठवणारा त्याचा मालक नसतो. पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं असतं. मी सरळ त्या चॅनेलवर जाहीर केलेल्या पत्त्यावर उलट मेल टाकून खात्री करतो. बहुतेकदा तिथून ‘आम्ही काही मागितलंच नाही’ असं उत्तर येतं. घाईत, प्रकाशनाच्या आदल्या रात्री, तीन माणसांच्या स्टुडिओला एवढी शहानिशा जमतेच असं नाही. मग ते फुकटचे कोड दुसऱ्या दिवशी बाजारात दिसतात, तेही गेमच्या पहिल्या आठवड्यात. छोट्या गेमची बरीचशी कमाई या पहिल्या काही दिवसांच्या जोरावर अवलंबून असते.

स्टीमवर गेमची शिफारस करणाऱ्या क्युरेटरांच्या नावानेही हेच चालायचं. २०१७ मध्ये व्हॉल्व्हने ‘क्युरेटर कनेक्ट’ ही सोय आणली, तिच्यातून कोडविना थेट क्युरेटरच्या खात्यात गेम देता येतो. त्यानंतरही ‘आम्हाला कोडच हवा’ असा हट्ट धरणारे असतातच, आणि तो हट्ट पुरेसा बोलका आहे. २०२२ मध्ये ‘ब्रॉक द इन्व्हेस्टिगेटर’ या गेमच्या डेव्हलपरने अशा संशयितांना एक छान धडा शिकवला: पूर्ण गेमऐवजी फक्त प्रोलॉग, म्हणजे फुकट मिळणारा सुरुवातीचा भाग, उघडणारे कोड त्यांना पाठवून दिले. फसलेल्यांपैकी काहींनी मग गेमविरुद्ध नापसंती नोंदवून सूड उगवला.

याहून वाईट प्रकार चोरलेल्या कार्डांचा. कार्डचोराला नंबर मिळाला तरी त्याचे पैसे करणं सोपं नसतं. वस्तू मागवली तर घरचा पत्ता द्यावा लागतो. गेमचा कोड ही त्याच्यासाठी आदर्श वस्तू: पत्ता नको, काही सेकंदांत हातात, आणि दुसऱ्या मिनिटाला विकता येतो. कार्डाच्या खऱ्या मालकाच्या हे लक्षात येतं पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट पाहून. तो बँकेकडे तक्रार करतो, बँक व्यवहार उलटा फिरवते. यालाच चार्जबॅक म्हणतात. दुकानदाराकडून गेमचे पैसे परत जातात, वर प्रत्येक व्यवहारामागे साधारण १५ ते २० डॉलरचा दंड बसतो. म्हणजे २० डॉलरचा गेम फुकट गेला, कोड परत मिळाला नाही आणि खिशातून आणखी २० डॉलर गेले. चार्जबॅकचं प्रमाण वाढलं तर पेमेंट कंपनी दुकानाचं खातंच बंद करते, ते वेगळंच.

ही कल्पित भीती नाही. ‘नॅचरल सिलेक्शन २’ बनवणाऱ्या अननोन वर्ल्ड्सने २०१३ मध्ये चोरीच्या कार्डांवर घेतलेले १,३४१ कोड बंद केले होते. २०१६ मध्ये टायनीबिल्ड या प्रकाशकाने जाहीर आरोप केला की जीटूए या कोडच्या फेरविक्रीच्या साइटवर त्यांच्या गेमचे सुमारे दोन लाख डॉलरचे कोड विकले गेले आणि त्यांच्या हाती एक सेंटही लागला नाही. त्यांच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानाला त्याआधी चार्जबॅकने घेरलं होतं. जीटूएने तेव्हा आरोप फेटाळले.

२०१९ मध्ये मात्र जीटूए स्वतःहून पुढे आली: आमच्या साइटवर चोरीचे कोड विकले गेल्याचं सिद्ध झालं तर चार्जबॅकमुळे झालेल्या नुकसानीच्या दहापट भरपाई देऊ. आव्हान स्वीकारलं ‘फॅक्टोरिओ’वाल्या वुब सॉफ्टवेअरने. त्यांनी आपल्या दुकानातून चोरीच्या कार्डांवर गेलेल्या ३२१ कोडची यादी दिली. मे २०२० मध्ये जीटूएने मान्य केलं की त्यातले १९८ कोड २०१६ मध्ये त्यांच्याच साइटवर विकले गेले होते, आणि ३९,६०० डॉलर भरले. या प्रकरणात मला रक्कम महत्त्वाची वाटत नाही. चोरीची नोंद वुबकडे होती आणि विक्रीची जीटूएकडे. दोन्ही शेजारी ठेवून पाहायला चार वर्षं आणि जगभरची बदनामी लागली. त्या १९८ गिऱ्हाइकांपैकी कुणाला आपण चोरीचा माल घेतोय हे कळायला काही मार्गच नव्हता.

आता ‘काहीच का झालं नाही’ याकडे वळतो.

चोरीला गेलेले कोड कोणते हे डेव्हलपरला बहुधा कळतं. स्टीमच्या भागीदार-साइटवर एखादा कोड टाकला की तो कोणत्या गठ्ठ्यातला, वापरला गेला की नाही, हे दिसतं, आणि तो रद्दही करता येतो. मग आम्ही रद्द का करत नाही? कारण तोवर तो कोड चोराकडे नसतो, तुमच्याकडे असतो. तुम्ही पैसे मोजलेत, पंधरा तास खेळलात, आणि एका सकाळी गेम नाहीसा झाला तर शिव्या आम्हालाच पडणार. युबिसॉफ्टसारख्या बड्या कंपनीलाही हे झेपलं नाही. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी ‘फार क्राय ४’ आणि इतर काही गेमचे कोड रद्द केले. ते इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ओरिजिन दुकानातून चोरीच्या कार्डांवर घेतले गेले होते आणि पुढे इतर साइटवर विकले गेले होते. ओरड एवढी झाली की ज्यांनी गेम आधीच सुरू केला होता त्यांना काही दिवसांत तो परत द्यावा लागला. युबिसॉफ्टचं हे, तर तीन माणसांच्या स्टुडिओची काय कथा! ते हिशेबात नुकसान लिहून मोकळे होतात.

म्हणजे तुमचा धोका कमी आहे तो बाजार स्वच्छ आहे म्हणून नव्हे. तो धोका तुमच्या वतीने गेम बनवणाऱ्याने गिळलेला असतो. साइटचं कमिशन तिला मिळालेलं असतं, चोराचे पैसे झालेले असतात, तुम्हाला गेम मिळालेला असतो. या साखळीत उरतो तो एकच जण.

यावर हमखास येणारा मुद्दा: ‘मी पूर्ण किमतीला हा गेम घेतलाच नसता, मग माझ्यामुळे त्यांचं नुकसान कसं?’ पायरसीच्या बाबतीत या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. इथे नाही. इथे तुम्ही पैसे देताय, फक्त ते भलत्याच माणसाला देताय, आणि उद्या आणखी कोड चोरण्याचं कारण त्याला पुरवताय. रामी इस्माईल या डेव्हलपरने २०१९ मध्ये वैतागून लिहिलं होतं की पूर्ण किंमत परवडत नसेल तर रीसेलरकडून घेण्यापेक्षा सरळ पायरेट करा. त्याचा हिशेब मला समजतो: पायरेट केलेल्या प्रतीवर चार्जबॅक येत नाही, सपोर्टचा वेळ जात नाही. तरी मी तसा सल्ला देणार नाही, कारण या दोन्हींपेक्षा चांगला तिसरा मार्ग आहे. त्याबद्दल खाली.

साइटवाल्यांची बाजूही पाहू. ते म्हणतात, आम्ही फक्त बाजार भरवतो, गाळे दुसऱ्यांचे. ठीक आहे, पण बाजार कसा भरवलाय ते पाहा. विक्रेता म्हणजे एक टोपणनाव आणि काही तारे. कोड आला कुठून हे तुम्हाला सांगितलं जात नाही. आणि ‘कोड चालला नाही तर पैसे परत’ ही साधी हमी कित्येक ठिकाणी ज्यादा पैसे घेऊन विकली गेली आहे. २०१७ मध्ये ‘बुलेटस्टॉर्म’ची नवी आवृत्ती काढताना गिअरबॉक्सने जीटूएशी करार केला. टोटलबिस्किट या नावाने प्रसिद्ध असलेल्या समीक्षकाने त्यावर टीका केल्यावर गिअरबॉक्सने अटी घातल्या: गिऱ्हाइकाचं संरक्षण फुकट द्या, छुपे आकार काढा, चोरीचे कोड शोधून अडवायची सोय डेव्हलपरना विनामूल्य द्या. त्या पुऱ्या झाल्या नाहीत आणि गिअरबॉक्सने अंग काढून घेतलं. अशा साइट पुढच्या काळात काही बाबतींत बदलल्याही आहेत, वैयक्तिक विक्रेत्यांवर बंधनं आली आहेत. पण मी अजूनही त्याच तीन गोष्टी तपासतो, आणि त्यातली एक जरी कमी असली तर मला पुढे वाचायची गरज वाटत नाही.

कायद्याबद्दल एवढंच: ‘वस्तू माझी, मी विकेन’ हे डिजिटल गेमला अजून लागू झालेलं नाही. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने युजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात सॉफ्टवेअरचा वापरलेला परवाना पुन्हा विकता येतो असा निकाल दिला, तेव्हा गेमच्या बाबतीतही आशा निर्माण झाली. फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हवर केलेल्या खटल्यात २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने गिऱ्हाइकाच्या बाजूने कौल दिलाही. पण २०२२ मध्ये अपिलात तो फिरला आणि २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फिरवलेला निकालच कायम ठेवला. प्रकाशक धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही. पूर्व युरोपातल्या देशांसाठीचे कोड युरोपात इतरत्र चालू नयेत अशी व्यवस्था केल्याबद्दल जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोचा दंड ठोठावला. खेळणाऱ्याला गेम खऱ्या अर्थाने विकत मिळत नाही, तो परत विकता येत नाही, ही तक्रार रास्त आहे. फक्त तिचं उत्तर चोरीच्या कोडचा बाजार हे नाही.

मग तुम्ही काय करावं?

हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग, गेमर्सगेट, गेम्सप्लॅनेट यांसारखी दुकानं कोडच विकतात, पण ते थेट प्रकाशकाकडून घेतलेले असतात. तिथे नव्या गेमवरही बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून थोडी सूट असते, आणि तिचा खर्च कुणी उचलायचा हे आम्ही आधीच ठरवलेलं असतं. ‘इज देअर एनी डील’ ही साइट फक्त अधिकृत दुकानांच्या किमतींची तुलना दाखवते. ‘जीजी डॉट डील्स’वर अधिकृत दुकानं आणि की-शॉप (कोडची फेरविक्री करणाऱ्या साइट) असे वेगळे रकाने असतात, तो फरक न पाहता सर्वांत वरची किंमत उचलू नका. एखादं दुकान अधिकृत आहे का अशी शंका आली तर डेव्हलपरला विचारा. असल्या प्रश्नाला आम्ही आनंदाने उत्तर देतो.

आणि तिसरा मार्ग म्हणजे थांबा. तुम्ही विचारताय तो गेम आज निम्म्या किमतीत दिसतोय. पुष्कळ गेम वर्षा-दीड वर्षात अधिकृत सेलमध्ये तिथवर येतात. तोवर त्यातले बग दुरुस्त झालेले असतात, हा वरचा फायदा. अपवाद आहेत: ‘फॅक्टोरिओ’ कधीच सेलवर येत नाही, तसं त्यांनी आधीच सांगून टाकलंय. ‘पण मला आजच खेळायचाय’ याला माझ्याकडे उत्तर नाही. ती इच्छा मलाही होते.

काही गोष्टींपासून मात्र सरळ दूर राहा. कोडऐवजी ‘अकाउंट’ विकणारे: ते खातं दुसऱ्याचं असतं, पासवर्ड कधीही बदलू शकतो आणि स्टीमच्या करारानुसार खातं विकता येतच नाही. ‘गिफ्ट’ विकणारे: २०१७ पासून स्टीमवर भेट थेट मित्राच्या खात्यात द्यावी लागते, म्हणून विक्रेता आधी तुम्हाला मित्र करून घेतो, त्याचं पेमेंट उलटलं तर ती भेट काढून घेतली जाते. आणि ‘अ‍ॅक्टिव्हेट करताना व्हीपीएन लावा’ असं सांगणारे: तिथे नियम मोडल्याचा ठपका विक्रेत्यावर नाही, तुमच्या खात्यावर येतो. वर्षानुवर्षं जमवलेली लायब्ररी एका स्वस्त गेमपायी पणाला लावू नका.

एक बारीक गोष्ट, जी फार जणांना ठाऊक नसते: स्टीमवर टाकलेला बाहेरचा कोड, मग तो अधिकृत का असेना, स्टीमच्या रिफंडला पात्र नसतो. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करायचा तो नियम फक्त स्टीमच्या दुकानात झालेल्या खरेदीला आहे. शिवाय सप्टेंबर २०१६ पासून कोडने मिळवलेल्या गेमवर तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू दिसतो, पण एकूण गुणांकनात धरला जात नाही. आवडत्या छोट्या गेमला मदत करायची असेल तर हे लक्षात असू द्या.

तुम्ही कोड आधीच घेतला असेल आणि तो चालतोय तर घाबरून काही करायची गरज नाही. चालत नसेल किंवा रद्द झाला असेल तर पहिली तक्रार विक्रेत्याकडे, मग साइटकडे करा. पावती, तारीख आणि स्टीमने दाखवलेला एररचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. दोन्हीकडे दाद लागली नाही तरच बँकेकडे जा, आणि तेही त्या साइटच्या व्यवहाराबद्दल. डेव्हलपरकडून नवा कोड मिळेल ही अपेक्षा धरू नका, त्याच्याकडे तुमच्या खरेदीची नोंदच नसते. तरी त्यालाही एक मेल पाठवा: कोड, साइटचं नाव, विक्रेत्याचं नाव, तारीख. त्यावरून गठ्ठा सापडतो, आणि गठ्ठा सापडला की त्यातले अजून न विकले गेलेले, न वापरलेले कोड कुणाला दुखावल्याशिवाय बंद करता येतात.